साखर, स्निग्ध आणि पेशीची चूल



आजचा विषय पत्रिकेत वाचून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी पडली असेल. वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्या हवेत बसून पेशींतल्या रासायनिक उलाढाली ऐकायच्या, ही कल्पना फारशी आकर्षक नाही हे आम्ही जाणतो. परंतु ज्या वादाचा निकाल या उलाढालींत दडलेला आहे, तो वाद आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी जेवणाच्या वेळी रोज चाललेला असतो. वडीलमंडळी म्हणतात, तुपाने कधी कोणाचे वाईट झाले नाही, खरी वैरीण ती साखर. घरातली शिकलेली सून म्हणते, साखर चहापुरती आहे, खरा धोका तुपाचा. आणि दोघांच्याही पानात पुरणपोळी असते, जिच्यात गूळ किंवा साखर पोटात असते आणि तूप पाठीवर!

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वयाच्या पंचेचाळिशीत रक्ततपासणीत काही दोष निघाला, तेव्हा त्यांनी तूप, लोणी, साय यांवर कायमचे पाणी सोडले. भूक मात्र सुटेना. म्हणून ते चहाबरोबर गोड बिस्किटे खाऊ लागले. दोन वर्षांनी मधुमेह निघाला. मग कोणीतरी त्यांना सांगितले की, सगळा दोष साखरेचा. तेव्हा साखर सोडून ते वाटीने तूप घेऊ लागले. त्यांचे आमच्याकडे एकच गाऱ्हाणे असे: "मी दोन्ही वेळा सांगितले ते ऐकले, मग चुकलो कुठे?" या प्रश्नाला आम्हांस तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर, असे आपण समजावे.

एक चूल, दोन सरपणे

प्रथम पेशीचा संसार पाहू. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींना दोन प्रकारचे सरपण चालते. एक ग्लुकोज ही साधी शर्करा, आणि दुसरे स्निग्धाम्ल, म्हणजे तूप, तेल, चरबी यांचा मुख्य घटक. दोन्हींचा जाळण्यापूर्वीचा प्रवास वेगळा असतो. ग्लुकोजमध्ये कार्बनचे 6 अणू. त्याचे पेशीत दोन तुकडे होतात आणि प्रत्येकी तीन कार्बनांचे पायरुव्हेट तयार होते. हे पायरुव्हेट मायटोकाँड्रिया या पेशीतल्या भट्टीत शिरते आणि तेथे त्याचा एक कार्बन गळून दोन कार्बनांचा तुकडा उरतो.

स्निग्धाम्लाची साखळी लांब असते. पामिटिक नावाच्या आम्लात 16 कार्बन असतात. ही साखळी कशी तुटते याचा शोध जर्मनीतील फ्रान्झ क्नूप यांनी 1904 साली लावला. त्यांनी कुत्र्यांना अशी स्निग्धाम्ले खाऊ घातली की ज्यांच्या टोकाला शरीराला न पचणारी एक खूण जोडलेली होती, आणि मग मूत्रात ती खूण कोणत्या रूपाने बाहेर पडते ते तपासले. साखळी दर वेळी दोन-दोन कार्बनांनीच आखूड होत असली पाहिजे, हे त्यावरून त्यांनी ताडले. म्हणजे पामिटिक आम्लावर सात घाव घातले की दोन कार्बनांचे आठ तुकडे मिळतात.

हा दोन कार्बनांचा तुकडा साखरेकडून आला काय किंवा तुपाकडून आला काय, रूप एकच. त्याला वाहून नेणारा जो पदार्थ, तो को-एंझाइम ए, फ्रिट्झ लिपमान यांनी शोधला. आणि तो तुकडा ज्या चक्रात फिरून जळतो ते चक्र हान्स क्रेब्ज यांनी 1937 साली मांडले. या दोघांना 1953 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तात्पर्य, सरपणाच्या मोळ्या दोन असल्या तरी चूल एकच आहे. आणि चूल एक असली की कोणते लाकूड आधी घालायचे हा प्रश्न आलाच.

येथे कोठाराचा हिशेब ध्यानात घ्यावा. साखरेचा साठा आपण यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने करतो. यकृतात असा पदार्थ असतो हे क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवले. परंतु हे कोठार फार लहान. यकृतात साधारण 100 ग्रॅम, स्नायूंत 400 ग्रॅम, म्हणजे सारे मिळून 2000 कॅलरींचा, जेमतेम एका दिवसाचा शिधा. उलट 12 किलो चरबी असलेल्या सामान्य बांध्याच्या माणसाजवळ एक लाखाहून अधिक कॅलरी, म्हणजे सुमारे 50 दिवसांची बेगमी असते. आणि मेंदूला तर दिवसाकाठी 120 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागते. उपासाच्या दिवशी सगळेच अवयव ग्लुकोजवर तुटून पडले, तर मेंदूच्या वाट्याला काय उरेल? चरबीतून साखर करावी म्हटले, तर तीही सोय नाही. पायरुव्हेटपासून दोन कार्बनांचा तुकडा होतो, पण त्या तुकड्याचे पुन्हा पायरुव्हेट करण्याची वाट आपल्या शरीरात नाही. तो एकदिशा रस्ता आहे.

रँडल यांचे चक्र

ही अडचण शरीराने कशी सोडवली, त्याचा उलगडा 1963 साली झाला. केंब्रिज येथील फिलिप रँडल आणि त्यांचे सहकारी गारलंड, हेल्स व न्यूजहोम यांनी त्या वर्षी 'लान्सेट'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. उंदरांची हृदये आणि त्यांच्या श्वासपटलाचे स्नायू यांवर त्यांचे प्रयोग झाले होते. स्नायूला स्निग्धाम्ले पुरवली की तो ग्लुकोज वापरणे कमी करतो, असे त्यांना आढळले.

याचे कारण त्यांनी पायरीपायरीने सांगितले. स्निग्धाम्ले जळू लागली की दोन कार्बनांच्या तुकड्यांची भट्टीत गर्दी होते. ही गर्दी पायरुव्हेटच्या दारावरच्या एंझाइमला आवर घालते, म्हणून साखरेचा माल दारातच अडतो. त्याच वेळी सायट्रेट नावाचा पदार्थ भट्टीतून बाहेर झिरपतो आणि साखर फोडणाऱ्या एका मधल्या एंझाइमचा वेग कमी करतो. मग मागे मागे माल साचत जातो आणि शेवटी नव्याने येणाऱ्या ग्लुकोजची नोंदही होईनाशी होते. घाटात पुढची एक गाडी बंद पडली की पायथ्यापर्यंत रांग लागते, तसाच हा प्रकार. उपासाच्या काळात ही व्यवस्था उपकारकच आहे. स्नायू चरबीवर भागवतात आणि साखर मेंदूसाठी शिल्लक राहते.

शास्त्रात कोणताही शब्द अखेरचा नसतो. पुढे 1996 साली जिवंत माणसाच्या स्नायूंत चुंबकीय उपकरणांनी डोकावून पाहण्यात आले, तेव्हा रक्तात स्निग्धाम्ले वाढवल्यावर रांग रँडल म्हणाले तशी आत साचत नाही, ग्लुकोज पेशीत शिरतानाच अडते असे दिसले. म्हणजे अडथळ्याची जागा निराळी निघाली. पण स्निग्ध हे साखरेला अडवते, हा मूळ सिद्धांत टिकून राहिला.

उलट बाजूचे दार

आता दुसरी बाजू. भरपेट जेवणानंतर रक्तात ग्लुकोज वाढते, स्वादुपिंडातून इन्शुलिन येते. अशा वेळी साखरेने स्निग्धाला अडवणे जरूर असते, कारण साखरेचे कोठार लहान आहे, ती ताबडतोब खर्च केली पाहिजे. हे कसे घडते ते डॅलस येथील मॅकगॅरी आणि फॉस्टर यांनी 1977 च्या सुमारास शोधले. लांब साखळीच्या स्निग्धाम्लाला भट्टीत आपल्या पायांनी जाता येत नाही; कार्निटीन नावाच्या वाहकाच्या खांद्यावर बसून एका दारातून जावे लागते. साखर मुबलक असली की पेशी तिच्यातील जादा कार्बनांपासून चरबी घडवू लागते. या घडणीच्या पहिल्याच पायरीवर मॅलोनिल को-ए हा पदार्थ तयार होतो, आणि हाच पदार्थ कार्निटीनच्या दाराला आतून कडी घालतो. चरबी घडवणे चालू, तर चरबी जाळणे बंद. एका हाताने विहीर भरावी आणि दुसऱ्याने उपसावी, हा वेडेपणा पेशी करीत नाही.

याच मॅकगॅरी यांनी 1992 साली एक मार्मिक प्रश्न विचारला होता. 1889 साली स्ट्रासबर्ग येथे फॉन मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याच्या मूत्रात साखर सापडली आणि मधुमेह हा साखरेचा रोग ठरला. समजा, मिंकोव्स्की यांना चवच कळत नसती आणि फक्त वास कळत असता, तर त्यांना चरबीच्या अर्धवट ज्वलनातून येणारा ॲसिटोनचा वास प्रथम जाणवला असता आणि आपण मधुमेहाला स्निग्धाचा रोग म्हणत बसलो असतो! विनोद बाजूला ठेवला, तर मुद्दा फार खोल आहे. आपण या रोगाला नाव दिले ते एका सरपणाचे, पण बिघडलेली आहे ती दोन सरपणांमधली वाटणी.

दोघे एकदम आले तर?

येथवर सर्व सुरळीत आहे. उपासात स्निग्धाने साखरेला थांबवावे, जेवणानंतर साखरेने स्निग्धाला. परंतु माणसाने दिवसातून सहा वेळा खाल्ले, प्रत्येक वेळी दोन्ही एकत्र खाल्ले, गरजेपेक्षा जास्त खाल्ले, आणि अंगमेहनत केली नाही, तर? पेढे, बर्फी, केक, क्रीमची बिस्किटे हे सर्व साखर आणि संपृक्त स्निग्ध यांचे जोडपदार्थ आहेत. साखरेमुळे स्निग्धाचे दार बंद होते. स्निग्धाम्ल पेशीच्या अंगणात आलेले असते, पण त्याला भट्टीत जाता येत नाही. मग ते जाते कुठे?

या ठिकाणी संपृक्त या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे. ज्या स्निग्धाम्लाच्या साखळीत हायड्रोजनला बसायला एकही जागा रिकामी नाही, ते संपृक्त. त्याची साखळी सरळ काठीसारखी असते. म्हणून काठ्या एकमेकींना चिकटून बसतात आणि थंडीत तूप थिजते. ओलेइक आम्लासारख्या असंपृक्त साखळीत एक बाक असतो, म्हणून शेंगदाण्याचे तेल बहुधा पातळच राहते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. शुद्ध संपृक्त किंवा शुद्ध असंपृक्त असा स्वयंपाकघरात कोणताही पदार्थ नाही. तुपात निम्म्याहून अधिक स्निग्धाम्ले संपृक्त असली तरी ओलेइकही पुष्कळ असते, आणि शेंगदाण्याच्या तेलातही सुमारे पाचवा हिस्सा संपृक्त असतो. शिवाय संपृक्तांतही आखूड साखळीची स्निग्धाम्ले कार्निटीनच्या दारावाचून भट्टीत जाऊ शकतात. आमचे बोलणे मुख्यतः पामिटिकविषयी आहे.

भट्टीत न गेलेल्या स्निग्धाम्लाची सुरक्षित जागा म्हणजे ट्रायग्लिसराइड, तीन स्निग्धाम्लांची बांधलेली मोळी. ही मोळी निरुपद्रवी असते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत असे दिसते की, ओलेइक आम्लाच्या मोळ्या चटकन बांधल्या जातात, पामिटिकच्या नीट बांधल्या जात नाहीत. सुटे राहिलेले पामिटिक मग आडवाटेला लागते. त्यापासून सिरामाइड नावाचे द्रव्य बनते, आणि ते इन्शुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचू देत नाही. काही अर्धवट बांधलेल्या मोळ्याही असाच अडथळा आणतात. निरोप पोचला नाही की ग्लुकोज बाहेरच राहते, रक्तातली साखर वाढते, आणि स्वादुपिंडाला अधिक इन्शुलिन पाठवावे लागते.

स्वादुपिंडातील ज्या पेशी इन्शुलिन तयार करतात, त्यांवर याहून कठीण प्रसंग येतो. पात्रात वाढवलेल्या अशा पेशींना पामिटिक आम्ल आणि वाढलेले ग्लुकोज ही दोन्ही एकदम दिली की पेशी मरू लागतात. ग्लुकोज कमी असले तर त्याच पामिटिकने होणारे नुकसान पुष्कळ कमी असते. आणि पामिटिकबरोबर ओलेइक दिले तर पेशी बऱ्याच अंशी बचावतात. यावरून साखर आणि संपृक्त स्निग्ध यांचा गुन्हा भागीदारीचा आहे असा तर्क निघतो. अर्थात काचपात्रातली पेशी म्हणजे माणूस नव्हे, हे आम्ही विसरलेलो नाही.

म्हणून माणसांवर केलेले दोन प्रयोग सांगतो. स्वीडनमध्ये 39 तरुणांना सात आठवडे नेहमीच्या आहारावर जादा केक खाऊ घातले. निम्म्यांच्या केकमध्ये पामतेल, निम्म्यांच्या केकमध्ये सूर्यफुलाचे तेल. वजन दोन्ही गटांचे सारखेच वाढले, पण यकृतातली चरबी पामतेलवाल्यांची अधिक वाढली. हे 2014 साली प्रसिद्ध झाले. नंतर फिनलंडमध्ये 38 स्थूल व्यक्तींना तीन आठवडे रोज 1000 कॅलरी जादा दिल्या. यकृतातील चरबी संपृक्त स्निग्ध खाणाऱ्यांत 55 टक्क्यांनी, साखर खाणाऱ्यांत 33 टक्क्यांनी, आणि असंपृक्त खाणाऱ्यांत 15 टक्क्यांनी वाढली. हे 2018 सालचे.

या दुसऱ्या प्रयोगातील मधला आकडा पुन्हा पाहावा. साखर खाल्ली आणि चरबी वाढली! याचे कारण असे की, यकृत जादा साखरेची चरबी घडवते, आणि त्या कारखान्यातून मुख्यतः जो माल बाहेर पडतो तो दुसरा तिसरा कोणी नसून पामिटिक आम्लच आहे. आपली घरची साखर म्हणजे निम्मे ग्लुकोज, निम्मी फलशर्करा. गुळातही मुख्य द्रव्य तेच. फलशर्करा यकृतात गेली की ग्लुकोजच्या वाटेवरचा मुख्य नाका टाळून थेट पुढे जाते, म्हणून चरबीच्या कारखान्याला तिच्याकडून कच्चा माल सहज मिळतो. तेव्हा तूप सोडून गोड बिस्किटांवर उदरनिर्वाह करणारे आमचे परिचित संपृक्त स्निग्धापासून सुटले नव्हते. बिस्किटातले स्निग्ध तर पोटात जातच होते, आणि उरलेले त्यांचे यकृत घरच्या घरी तयार करीत होते. आणि साखर सोडून वाटीने तूप घेताना भाकरी-भाताचे ग्लुकोज चालूच होते, म्हणजे भागीदारी मोडलीच नव्हती.

आपल्या दारात

हा प्रश्न आपल्या देशात किती मोठा आहे, हे सर्वज्ञात आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचा जो निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी रुग्ण आहेत. यातले कित्येक दिसायला सडपातळ असतात. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 2004 साली 'लान्सेट'मध्ये आले होते. दोघांचे उंचीच्या मानाने वजन अगदी सारखे, निर्देशांक 22.3. परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! वरून बारीक आणि आतून स्निग्ध, असा हा आपला देह. त्वचेखालचे चरबीचे कोठार लवकर भरते आणि उरलेला माल यकृत, स्नायू, स्वादुपिंड अशा भलत्या ठिकाणी उतरवला जातो, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. तेव्हा "मी कुठे जाड आहे?" या समाधानात आपल्यापैकी कोणी राहू नये.

आता कोणी म्हणेल, आमचे आजोबा गूळ खात, तूपही खात, आणि नव्वद वर्षे जगले. आजोबांविषयी आम्हांला आदर आहे. पण ते दिवसाकाठी किती कोस चालत, हेही सांगितले पाहिजे. स्नायू कामाला लागला की त्याच्यातला एक एंझाइम मॅलोनिल को-ए ची निर्मिती थोपवतो आणि कार्निटीनच्या दाराची कडी निघते. त्याच वेळी ग्लुकोजला आत घेणारी द्वारे इन्शुलिनची वाट न पाहता पेशीच्या पृष्ठभागावर येतात. म्हणजे श्रमाच्या वेळी साखर आणि स्निग्ध यांचे भांडण मिटते, कारण चुलीला दोघांचीही गरज असते. आणि तूपगुळाचा सुकाळ किती आजोबांच्या घरी होता, हाही प्रश्न आहेच. सणावारी पुरणपोळी होती, कारण इतर दिवशी ती नव्हती.

मग करायचे काय? आम्ही वैद्यकीचा सल्ला देण्यास उभे नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात मोठा बदल करू नये आणि औषध तर मुळीच सोडू नये. परंतु या साऱ्या शास्त्रातून काही साध्या गोष्टी निघतात. एकाच पदार्थाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून दुसऱ्याला मोकाट सोडणे चुकीचे आहे. साखर आणि संपृक्त स्निग्ध जेथे एकवटलेली असतात, ते पदार्थ सणापुरते ठेवावेत, नित्याचे करू नयेत. दोन खाण्यांच्या मध्ये पेशीला चूल निवू देण्याइतका अवकाश द्यावा. आणि जेवणानंतर आरामखुर्चीकडे जाण्याऐवजी थोडे पाय मोकळे करावेत.

त्या गृहस्थांना आम्ही आता सांगू शकतो की, त्यांचा निग्रह खोटा नव्हता. चूक त्यांच्या इच्छाशक्तीत नव्हती. एका वेळी एकच शत्रू दाखवणाऱ्या सल्ल्यात होती. रोग्याला आधीच व्याधीचा भार असतो, त्यावर अपराधाचा भार आणखी लादण्याचे आम्हांला काही कारण दिसत नाही. त्याला खरी वस्तुस्थिती समजेल अशा भाषेत सांगणे, एवढेच आमच्यासारख्यांचे काम आहे. ते आज कितपत साधले, हे आपण ठरवायचे.